मापनाची कला आणि कुलाब्याची चुंबकसूची

मोजमाप हा शब्द उच्चारला कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें प्रथम तराजू उभा राहतो, आणि तें योग्यच आहे. आमच्या तुळिंजच्या बाजारांत भाजीवाल्याच्या गाडीवर, वाण्याच्या दुकानांत आणि सोनाराच्या पेढीवर जो वजनकांटा असतो, त्याच्यावर सरकारी मोहोर असावी लागते व ठराविक मुदतीनें ती पुन्हां करून घ्यावी लागते. गिऱ्हाईक ती मोहोर क्वचितच पाहतें. परंतु ती आहे या विश्वासावर सारा व्यवहार चालतो.

तुळिंजच्या पश्चिमेला, रुळांच्या पलीकडे, सोपारें आहे. प्राचीन काळीं शूर्पारक या नांवानें प्रसिद्ध असलेलें तें बंदर. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथें अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सांपडला. बंदर आलें कीं व्यापार आला, आणि व्यापार आला कीं माप आलें. कौटिल्याच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या अर्थशास्त्रांत वजनमापांवर देखरेख करणाऱ्या पौतवाध्यक्ष या अधिकाऱ्याचें एक स्वतंत्र प्रकरणच आहे. वजनें लोखंडाचीं असावींत, किंवा मगध व मेकल देशांतील दगडाचीं असावींत, अथवा जो पाण्यानें वाढत नाहीं व उष्णतेनें घटत नाहीं अशा पदार्थाचीं असावींत, असा नियम तेथें घालून दिला आहे. शिवाय दर चार महिन्यांनीं मापांची तपासणी करून घ्यावी, असेंही सांगितलें आहे. पदार्थविज्ञान शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें अशा माझ्यासारख्या माणसाला हा नियम वाचतांना तो लिहिणाऱ्याविषयीं आपुलकी वाटते. ज्यानें मोजावयाचें तेंच बदलत असेल तर मोजमापाला अर्थ उरत नाहीं, हें प्रयोगशाळेंतलें पहिलें सूत्र त्याला पुरतें ठाऊक होतें.

परंतु बाजारांतल्या मापाला एक मोठा आधार असतो. तेथें दोन पक्ष समोरासमोर उभे असतात. देणाऱ्याचा हात जरा हलला तर घेणाऱ्याचा डोळा त्यावर असतो. शास्त्रज्ञ जेव्हां निसर्गाचें माप घेतो, तेव्हां समोर असा दुसरा पक्ष नसतो. निसर्ग तक्रार करीत नाहीं. रात्रीं तीन वाजतां यंत्रापाशीं एकटा बसलेला वेधक आंकडा पाहून लिहितो कीं न पाहतां लिहितो, हें त्या क्षणीं त्याच्यावांचून कोणालाही कळत नाहीं. म्हणून मला असें वाटतें कीं, मापनाची कला ही हाताची व डोळ्याची कला आहे तितकीच ती मनाची आहे. आणि या कलेचा एक फार मोठा नमुना आपल्या मुंबईंत, आपल्याच माणसांच्या हातून घडलेला असतां त्याची आपणांस फारशी ओळख नाहीं. श्रोतेहो, आज त्या नमुन्याचा इतिहास मी आपणांस सांगणार आहें.

मुंबईच्या दक्षिण टोंकाला कुलाबा येथें ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं एक वेधशाळा उभारली. बंदरांत येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ मिळावी व आकाशस्थ ज्योतींचे वेध घेतां यावेत, हा तिचा मूळ हेतु. पुढें युरोपांत एका नव्या विद्येचा उदय झाला. होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते हें जगाला शतकानुशतकें ठाऊक होतें. परंतु पृथ्वी तिला किती जोरानें वळविते, याचें निरपेक्ष माप घेण्याची रीत जर्मनींतील गटिंगेन येथें गौस या थोर गणितज्ञानें १८३२ च्या सुमारास शोधून काढली. तेव्हां असें ध्यानांत आलें कीं पृथ्वीचें हें चुंबकबल स्थिर नाहीं. तें दिवसाच्या प्रहरांप्रमाणें थोडें थोडें बदलतें, वर्षानुवर्षें हळूहळू सरकतें, आणि कधीं कधीं एकाएकीं खवळल्यासारखें होतें. या खवळण्याला चुंबकीय वादळ असें नांव पडलें. हा प्रकार समजून घ्यावयाचा तर एका गांवीं बसून भागणार नव्हतें. पृथ्वीच्या पाठीवर जागोजाग एकाच पद्धतीनें वेध घेणें अवश्य होतें. या खटपटींत इंग्लंडहि सामील झालें आणि १८४० च्या आसपास मद्रास, सिमला, सिंगापूर व मुंबई येथें कंपनीच्या खर्चानें चुंबकीय वेधांची व्यवस्था झाली. कुलाब्याला हे वेध १८४१ सालीं सुरू झाले.

ह्याच वेधशाळेंत त्या सुमारास एक सोळा वर्षांचा मराठी मुलगा सहायक म्हणून दाखल झाला. अलिबागजवळच्या नागांवचा हा मुलगा म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे. आर्लिबार या प्राध्यापकांच्या हाताखालीं त्यानें वेध घेण्याचें शिक्षण घेतलें. पुढें पुण्यास गणिताचे प्राध्यापक म्हणून केरूनानांनीं मोठा लौकिक मिळविला. लोकमान्य टिळक हे त्यांचेच विद्यार्थी. केरूनानांनीं १८६० सालीं ग्रहसाधनांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांनीं त्यांच्या गणितावर आधारलेलें पटवर्धनी पंचांग निघूं लागलें. जुन्या करणग्रंथांवरून काढलेलें ग्रहाचें स्थान आणि प्रत्यक्ष आकाशांत दिसणारें स्थान यांत अंतर पडूं लागलें होतें. तेव्हां ग्रंथ सोडावा कीं आकाश सोडावें, असा तो प्रश्न होता. केरूनानांनीं आकाशाचा पक्ष घेतला. त्यावरून पंचांगांचा जो वाद महाराष्ट्रांत उठला, तो पुढें कित्येक वर्षें चालला. त्या वादाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु ज्या माणसानें तारुण्याचीं पहिलीं वर्षें कुलाब्याला यंत्रावरचा आंकडा जसा दिसला तसा वहींत उतरविण्यांत घालविलीं, त्याला पुढें आकाशाचा शब्द ग्रंथाच्या शब्दापेक्षां वजनदार वाटावा, यांत मला मुळींच नवल वाटत नाहीं.

आतां हा आंकडा वाचणें म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. पृथ्वीच्या बलाचा जो भाग जमिनीला समांतर असतो तो मोजण्यासाठीं एक चुंबक दोन समांतर तंतूंनीं आडवा टांगतात. तंतूंना पीळ देऊन तो चुंबक उत्तर-दक्षिण रेषेशीं काटकोनांत आणतात. पृथ्वी त्याला उत्तरेकडे वळवूं पाहते, आणि तंतूंचा पीळ त्याला मागें ओढतो. या ओढाताणींत चुंबक जेथें स्थिरावतो, तेथील आंकडा दूर ठेवलेल्या दुर्बिणींतून अंकपट्टीवर वाचावयाचा. पृथ्वीचा जोर किंचित् कमी झाला कीं पीळ वरचढ होतो आणि आंकडा बदलतो. काम एवढेंच. परंतु वेधकाच्या खिशांत लोखंडाची किल्ली राहिली तरी चुंबक चळतो. खोली तापली तर चुंबकाचें स्वतःचें बल घटतें आणि घटलें तें पृथ्वीचें बल असा भास होतो. म्हणून प्रत्येक वाचनाबरोबर तापमापकाचा आंकडाहि लिहून ठेवावा लागतो व मागाहून हिशेबानें तेवढी दुरुस्ती करावी लागते. पाण्यानें न वाढणारा व उष्णतेनें न घटणारा पदार्थ शोधा असें अर्थशास्त्रकारानें सांगितलें. असा पदार्थ पूर्णपणें कोठेंच मिळत नाहीं, म्हणून किती घटलें तेंहि मोजा, असें आधुनिक शास्त्र सांगतें. दोन्ही उपदेशांचा गाभा एकच आहे.

हें काम डब्लिनच्या ग्रब या कारागिरानें बनविलेल्या यंत्रांवर कुलाब्याला दर तासाला, दिवसा व रात्रीं, वर्षानुवर्षें चाललें होतें. मुंबईच्या बलाचा हा आडवा भाग आजच्या एककांत सुमारें ३८,००० नॅनोटेस्ला भरतो, आणि शांत दिवशीं सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांत जो फरक पडतो तो कांहीं दशकांचाच असतो. म्हणजे वेधकाला शेंकडों दिवस जवळजवळ तोच तो आंकडा लिहावा लागे. त्यांत चमत्कार नाहीं, शोधाचा आनंद नाहीं, कोणाची शाबासकी नाहीं. असल्या कामांत माणसाचा खरा शत्रु म्हणजे कंटाळा. कंटाळलेला माणूस कालचा आंकडा आज लिहून मोकळा होऊं शकतो, आणि बहुतेक दिवशीं तो आंकडा फारसा चुकीचाहि ठरत नाहीं.

मग १८५९ सालचा सप्टेंबर उजाडला. पहिल्या तारखेस लंडनच्या दक्षिणेला रेडहिल या गांवीं रिचर्ड कॅरिंग्टन हा ज्योतिषी आपल्या दुर्बिणीच्या साहाय्यानें सूर्यावरील डागांचें चित्र काढीत होता. सकाळीं ११ वाजून १८ मिनिटांनीं त्या डागांच्या समूहांत त्याला दोन अतिशय तेजस्वी पांढरे ठिपके एकदम दिसले, आणि सुमारें पांच मिनिटांत ते मावळले. मुंबईंत तेव्हां दुपारचे चार वाजून गेले होते, आणि लंडनकडची ही वार्ता येथें कोणाला कळण्याचा संभव नव्हता. सुमारें साडेसतरा तास लोटले. दोन तारखेला, शुक्रवारीं सकाळीं दहाच्या सुमारास, कुलाब्याच्या दुर्बिणींतून पाहणाऱ्या सहायकाला अंकपट्टी भलत्याच जागीं दिसूं लागली. पृथ्वीचें आडवें बल कोसळत होतें. थोड्याच वेळांत तें सुमारें १,६०० नॅनोटेस्लांनीं खालीं गेलें, म्हणजे एकंदर बलाच्या शेंकडा चार टक्के. रोजच्या चढउताराशीं ताडून पाहतां हा फरक कितीतरी पटींनीं मोठा होता.

अशा वेळीं यंत्रापाशीं बसलेल्या माणसाची स्थिति कशी होत असेल, याचा विचार माझ्या मनांत पुष्कळदां येतो. आजवर कधीं न दिसलेला आंकडा समोर आहे. तंतु सैल झाला असेल, कोणी लोखंड घेऊन आंत शिरलें असेल, आपलाच डोळा चुकत असेल, असे शेंकडों संशय मनांत येण्यासारखे आहेत. हा वेध रद्द समजावा आणि यंत्र ताळ्यावर आल्यावर पुन्हां लिहूं लागावें, हा मोह अगदीं शहाणपणाचा वाटावा असा आहे. कुलाब्याच्या सहायकांनीं तसें केलें नाहीं. उलट त्यांनीं तासाची वाट न पाहतां कांहीं कांहीं मिनिटांच्या अंतरानें वाचन सुरू ठेवलें, आणि जें दिसलें तें लिहिलें. या खळबळीचें कारण त्यांना ठाऊक नव्हतें. तें शोधण्याची जबाबदारीहि त्यांच्यावर नव्हती. त्यांच्यावर आंकड्याची जबाबदारी होती, आणि ती त्यांनीं पार पाडली.

त्या दिवशीं पृथ्वीवर अन्यत्र काय चाललें होतें तेंहि पाहण्यासारखें आहे. हवाईसारख्या उष्ण प्रदेशांतून लोकांना आकाशांत ध्रुवप्रकाश दिसला. अमेरिकेंत बॉस्टन व पोर्टलंड यांमधील तारायंत्र, विजेची बॅटरी सोडवून ठेवली असतां, नुसत्या पृथ्वींतून आलेल्या प्रवाहावर चाललें. इंग्लंडांतील क्यू येथें छायाचित्राच्या पद्धतीनें आपोआप नोंद घेणारीं नवीं यंत्रें होतीं. परंतु वादळ एवढें प्रचंड कीं प्रकाशाचा ठिपका कागदाच्या कडेबाहेर गेला आणि ऐन भराची नोंद राहिली नाहीं. यंत्राला जेवढी मर्यादा घालून दिली तेवढेंच तें पाहतें. कुलाब्याला माणूस बसला होता आणि त्यानें आंकड्याचा पाठलाग केला.

या आंकड्यांचीं पुस्तकें छापलीं गेलीं, मूळ वह्याहि जपून ठेवल्या गेल्या, आणि एकशें चव्वेचाळीस वर्षें लोटलीं. २००३ सालीं ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोंझालेझ, गुरबक्ष लखीना व शोभना अॅलेक्स या संशोधकांनीं १८५९ च्या वादळावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा मुख्य आधार कुलाब्याची नोंद हा होता. विषुववृत्ताकडच्या प्रदेशांतून त्या वादळाचें असें संपूर्ण माप दुसऱ्या कोणाकडे नव्हतें. १,६०० हा आंकडा देतांना त्यापुढें त्यांनीं अधिक-उणें १० असें लिहिलें. हें अधिक-उणें म्हणजे शास्त्रज्ञाची नम्रता. मला किती ठाऊक आहे हें सांगतांना किती ठाऊक नाहीं तेंहि मी सांगतों, असा त्याचा अर्थ.

या आंकड्याचा अर्थ काय लावावा याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. सूर्याकडून आलेल्या विद्युत्कणांचें एक कडें पृथ्वीभोंवतीं बनतें व तें पृथ्वीचें बल कमी करतें, असें एक स्पष्टीकरण. या घटीचा कांहीं भाग मुंबईच्या माथ्यावरून वाहणाऱ्या दुसऱ्या प्रवाहांमुळें असावा, असें दुसरें. इतर वादळांशीं तुलना करण्यासाठीं तासाची सरासरी घ्यावी तर हीच घट सुमारें ८५० वर येते, असेंहि दाखविण्यांत आलें आहे. हा वाद होवो. वाद घालतां येतो तो आंकडा जागच्या जागीं आहे म्हणून. सिद्धांत येतात आणि जातात; प्रामाणिकपणें लिहिलेलें वाचन मात्र प्रत्येक नव्या सिद्धांताला पुन्हां पुन्हां साक्षीला बोलावितां येतें.

हा केवळ जुन्या कागदांचा शोक नाहीं. १३ मार्च १९८९ रोजीं याहून पुष्कळ सौम्य अशा वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांताची वीज सुमारें नऊ तास बंद पाडली आणि साठ लक्ष लोक अंधारांत राहिले. मे २०२४ मध्यें आलेल्या वादळाच्या वेळीं आपल्या लडाखांतील हान्ले येथून आकाशांत तांबडी प्रभा दिसली. आज आपली वीज, आपले कृत्रिम उपग्रह, जहाजांचा व विमानांचा मार्ग, सारें सूर्याच्या अशा एखाद्या आघाताच्या टप्प्यांत आहे. तो आघात जास्तींत जास्त किती मोठा असूं शकेल, हें कळल्याशिवाय त्याच्याविरुद्ध तजवीज करतां येत नाहीं. या प्रश्नाचें उत्तर शोधणाऱ्या जगभरच्या अभियंत्यांना आणि शास्त्रज्ञांना १८५९ च्या त्या शुक्रवारच्या सकाळच्या वहीकडे यावें लागतें. ज्याचा उपयोग लिहिणाऱ्याला स्वप्नांतहि दिसला नसता असा हा उपयोग आहे.

वेध घेणें ही एक गोष्ट झाली; घेतलेले वेध तुटूं न देणें ही दुसरी, आणि ती कमी कठीण नाहीं. १८७२ पासून कुलाब्यालाहि छायाचित्रानें अखंड नोंद होऊं लागली. १८९६ सालीं नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे प्रमुख झाले. त्या पदावर आलेले ते पहिलेच भारतीय गृहस्थ. थोड्याच वर्षांत त्यांच्यापुढें एक संकट उभें राहिलें. मुंबईंत १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती. आतां विजेची ट्राम यावयाची होती. शहराला ट्राम हवी होती, आणि ती हवी असणें रास्तच होतें. परंतु ट्रामला लागणारा विजेचा प्रवाह रुळांतून व जमिनींतून परत फिरतो, आणि जेथें प्रवाह तेथें चुंबकबल. ट्राम सुटली कीं कुलाब्याची सूची सूर्याचें सांगणें सोडून ट्रामचें वेळापत्रक सांगूं लागली असती.

मूस यांनीं अलिबागची जागा निवडली. मुंबईपासून समुद्रापलीकडे सुमारें तीस किलोमीटरांवर तेथें नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. तिच्या इमारतींना पोरबंदरचा दगड पारखून घेतला; लोखंडाचा खिळाहि वर्ज्य करून पितळ, तांबें व कांसें वापरलें; आणि उष्णतेचा चढउतार आंत पोंचूं नये म्हणून खोलीच्या आंत खोली बांधली. १९०४ सालीं तेथें वेध सुरू झाले. याहून महत्त्वाचें असें कीं, अलिबागचें काम सुरू झालें म्हणून मूस यांनीं कुलाब्याचें काम लगेच बंद केलें नाहीं. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेतले. जागा बदलली म्हणजे माप थोडें बदलणारच. तें किती बदललें हें दोन्ही यंत्रें शेजारीं शेजारीं चालविल्याखेरीज कळत नाहीं. विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजीं धांवूं लागली, तेव्हां जुन्या साखळीचा शेवटचा दुवा नव्या साखळीच्या पहिल्या दुव्यांत नीट अडकविलेला होता. पुढें १९१० सालीं मूस यांनीं १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या वेधांचें विवेचन दोन खंडांत प्रसिद्ध केलें. जगभरचे अभ्यासक तो ग्रंथ अजून उलगडून पाहतात.

या घटनेंत एक योगायोग मला नेहमीं सुखवितो. नागांवचा मुलगा सूची पाहण्यासाठीं अलिबागच्या परिसरांतून मुंबईला आला, आणि साठ-पांसष्ट वर्षांनीं ती सूचीच मुंबई सोडून त्याच्या गांवाशेजारीं राहावयास गेली. केरूनाना १८८४ सालीं वारले होते. त्यांना हें पाहावयास मिळालें नाहीं. १९७१ सालीं या परंपरेंतून भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्रपणें स्थापन झाली. तिचें मुख्य केंद्र आज नवीन पनवेल येथें आहे, आणि अलिबागचे वेध चालूच आहेत.

असली सूची तुळिंजला टांगली तर काय होईल, असें मी कधीं कधीं मनाशीं गणित करतों. आमच्या गांवाच्या कुशीवरून जाणाऱ्या लोहमार्गावर विरारपासून मुंबईपर्यंत लोकल गाडी १८६७ सालींच सुरू झाली. विरारपर्यंत वीज आली ती १९३६ मध्यें, आणि ती एकाच दिशेनें वाहणाऱ्या प्रवाहाची होती. समजा, हजार अँपिअरचा प्रवाह रुळांच्या वर पांच मीटरांवरच्या तारेंतून गाडीकडे गेला आणि रुळांतून परत आला. रुळांपासून शंभर मीटरांवर त्याचा परिणाम सुमारें १०० नॅनोटेस्ला भरतो, म्हणजे सूर्य मुंबईच्या सूचीला दिवसभरांत जेवढें हलवितो त्याहून अधिक. तुळिंजच्या सूचीनें विरारची गाडी आली-गेली एवढेंच सांगितलें असतें. २०१२ पर्यंत पश्चिम रेल्वेच्या या मार्गावर दिशा पालटणारा प्रवाह सर्वत्र आला. तो सेकंदांत पन्नास वेळां उलटसुलट होत असल्यामुळें संथ सूचीला तितका जाणवत नाहीं. तरीपण घरोघरच्या सळया, पंप आणि मोटारी आहेतच. ज्या वस्तीला माणसांची सोय पाहावयाची आहे तिनें ती पाहावी. मात्र सूचीला निवांत बसतां येईल अशी एखादी जागाहि देशांत राखून ठेवावी. मूस यांच्या काळीं या दोन्ही गोष्टी साधल्या.

आतां थोडें माझ्या व्यवसायाविषयीं. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत लोलकाच्या साहाय्यानें गुरुत्वत्वरण काढण्याचा एक प्रयोग असतो. पुस्तकांत तें ९८१ दिलेलें असतें. मुलें लोलक हलवितात, आंदोलनें मोजतात, आणि पुष्कळांचें उत्तर नेमकें ९८१ येतें. हें उत्तर पाहून मला आनंद होत नाहीं. कारण पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असून स्वतःभोंवतीं फिरते. त्यामुळें गुरुत्व सर्वत्र सारखें नाहीं, आणि मुंबईच्या अक्षांशावर तें सुमारें ९७८.६ आहे. शाळेंतल्या लोलकानें एवढा बारीक फरक सहजासहजीं पकडतां येत नाहीं हें खरें. त्यांत चारपांच एककांची चूक सहज होते. म्हणूनच, जो मुलगा ९७४ लिहितो आणि माझ्या लोलकाची लांबी मोजतांना एवढी चूक संभवते असें त्यापुढें लिहितो, त्याच्या उत्तरांत खरें उत्तर सामावलेलें असतें. ज्यानें आंकडे मागेंपुढें सरकवून ९८१ साधलें, त्यानें परीक्षकाला खूष केलें असेल, पण मुंबईला लागू न पडणारें उत्तर त्यानें मोठ्या कष्टानें मिळविलेलें असतें. ग्रंथांतल्या आंकड्याचा धाक त्याला स्वतःच्या डोळ्यापेक्षां अधिक वाटला. केरूनानांच्या काळीं पंचांगांत जें घडलें तेंच हें, फक्त लहान प्रमाणावर.

असें कां होतें? मुलें लबाड असतात म्हणून नव्हे. आपण त्यांना बरोबर उत्तराबद्दल गुण देतों आणि खऱ्या वाचनाबद्दल कांहींच देत नाहीं, म्हणून. आज यंत्रें इतकीं सूक्ष्म झालीं आहेत कीं कुलाब्याच्या दोन तंतूंवर टांगलेला चुंबक त्यांपुढें खेळणें वाटावा. सेकंदासेकंदाला हजारों आंकडे आपोआप सांठत जातात. परंतु त्यांतला कोणता आंकडा ठेवावयाचा, कोणता विचित्र म्हणून टाकावयाचा, आणि टाकला तर कां टाकला हें लिहून ठेवावयाचें कीं नाहीं, हें ठरविणारा अखेर माणूसच असतो. १८५९ च्या त्या सकाळचा आंकडा विचित्र होता, आणि विचित्र म्हणूनच तो अमोल ठरला.

कॅरिंग्टनचें नांव त्या वादळाला मिळालें, आणि तें योग्यच झालें. त्यानें सूर्यावरची ठिणगी पाहिली. परंतु त्या ठिणगीनें उष्ण कटिबंधांतल्या या किनाऱ्यावर पृथ्वीला किती हलविलें याचें माप कुलाब्याच्या सहायकांनीं ठेवलें. त्यांच्या नांवानें कोठें रस्ता नाहीं, पुतळा नाहीं. आहे ती एक वही, आणि तिच्यांत ओळीनें लिहिलेलीं वाचनें. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या हातीं कोणतीहि नोंदवही असेल, मग ती दवाखान्यांतील रोग्याच्या तापाची असो, विहिरींतल्या पाण्याच्या पातळीची असो, कीं पावसाच्या मापाची असो, त्यांना माझी एवढीच विनंति आहे कीं, जें दिसेल तें त्याच वेळीं व तसेंच लिहावें. तें कोणाच्या उपयोगीं पडेल, हें आज ठरवितां येत नाहीं.